थंडीच्या सकाळी सुरू न होणारा जुना पेट्रोल ट्रक : दोष कोठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा

प्रश्न असा आहे. निफाड परिसरातील एका द्राक्ष बागायतदाराकडे महिंद्राचा जुना एफ. सी. १५० हा छोटा ट्रक आहे. त्यात मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन आणि सोलेक्स कार्ब्युरेटर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चोक पूर्ण ओढून, पेडल चार-पाच वेळा दाबून वारंवार सेल्फ मारला तरी इंजिन पकडत नाही, एखादा फटका देते आणि बंद पडते. उतारावर धक्का दिला तर मात्र बहुधा सुरू होते. एकदा गरम झाल्यावर दिवसभर अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. प्लग, कॉइल आणि कंडेन्सर नवे घातले आहेत, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला आहे, पण फरक पडलेला नाही.

माझ्या मते या वर्णनातच निम्मे उत्तर आहे. चोक ओढून पेडल दाबत सेल्फ मारणे ही सवय दुसऱ्या प्रकारच्या कार्ब्युरेटरसाठी योग्य आहे. सोलेक्सच्या बाबतीत ती इंजिन सुरू होऊ न देण्याची जवळजवळ खात्रीशीर पद्धत आहे. शिवाय धक्क्याने सुरू होणारे इंजिन सेल्फने होत नसेल, तर बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा मार्गही संशयाच्या बाहेर नाही. या दोन्ही गोष्टी सविस्तर पाहू, कारण जुन्या ट्रकात बहुतेक वेळा एक मोठा दोष नसतो. दोन-तीन लहान दोष एकत्र येतात आणि उबेत झाकलेले राहून थंडीत उघडे पडतात.

प्रथम इंजिनाविषयी. हरिकेन हे २,१९९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन विलीज कंपनीने अमेरिकेत बनवले आणि तेच सीजे-३बी जीप व एफ. सी. १५० या दोन्हींत आले. त्याची रचना थोडी निराळी आहे. इनटेक (मिश्रण आत घेणारे) व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही. तो हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्या सभोवती थंड करणारे पाणी फिरते. बऱ्याच जुन्या इंजिनांत एक्झॉस्टच्या उष्णतेने इनटेकचा तळ मिनिटभरात तापतो. हरिकेनमध्ये ती ऊब पाण्यातून मिळते, म्हणजे पाणी तापेपर्यंत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ही बाब पुढे थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, संदर्भात पुन्हा येईल.

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त का लागते, तर द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. तापलेल्या इंजिनात सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरते. थंड इंजिनात त्यातील बराच भाग हेडच्या थंड भिंतींवर थेंबांच्या रूपात चिकटतो आणि अगदी हलका अंशच वाफ होऊन सिलिंडरपर्यंत पोहोचतो, म्हणून सुरुवातीला कार्ब्युरेटरने चार-पाच भाग हवेला एक भाग पेट्रोल इतके दाट मिश्रण द्यावे लागते. हे काम ज्या यंत्रणेकडे असते तिला आपण सरसकट चोक म्हणतो, परंतु ती दोन अगदी वेगळ्या प्रकारची असते.

अमेरिकेत हरिकेनवर कार्टर वाय-एफ कार्ब्युरेटर बसवत. त्यात घशाच्या (हवा आत जाण्याच्या नळीच्या) वरच्या तोंडाशी एक पत्र्याची झडप असते. केबल ओढली की ती हवेचा मार्ग बंद करते, खालची सगळी ओढ मुख्य जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर) पडते आणि पेट्रोल भरभरून येते. अशा कार्ब्युरेटरात पेडल एक-दोनदा दाबून सेल्फ मारणे योग्यच आहे. आपल्याकडच्या सोलेक्समध्ये मात्र वर झडप नसते. बाजूला एक छोटा स्वतंत्र भाग असतो; त्याला स्वतःचे पेट्रोल जेट आणि स्वतःचे हवेचे जेट असते, आत वेगवेगळ्या आकारांची भोके असलेली एक चपटी चकती फिरते आणि तयार झालेले दाट मिश्रण थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या झडपेच्या) खालच्या बाजूला सोडले जाते. म्हणजे तो मुख्य कार्ब्युरेटरला जोडलेला दुसरा लहान कार्ब्युरेटरच आहे. त्याला ओढ मिळते ती फक्त थ्रॉटलखालच्या व्हॅक्यूममधून, आणि ते व्हॅक्यूम थ्रॉटल बंद असेपर्यंतच टिकते. सेल्फ फिरत असताना पेडल थोडे जरी दाबले, तरी थ्रॉटल उघडतो, वरून साधी हवा आत शिरते आणि चोकच्या भागातून पेट्रोल खेचले जाणे जवळजवळ थांबते.

आपल्या ट्रकवर कोणता प्रकार आहे हे एअर क्लीनरची नळी काढून घशात पाहिले की कळते. केबल ओढल्यावर वर झडप हलली तर कार्टरचा प्रकार; झडपच नसेल आणि केबल बाजूच्या लहान लिव्हरला जात असेल तर सोलेक्सचा. सोलेक्स असल्यास उद्या सकाळी एवढेच करा : चोक शेवटपर्यंत ओढा, पाय पेडलवरून पूर्ण काढा आणि आठ-दहा सेकंद सलग सेल्फ द्या. पकडले की लगेच पेडल देऊ नका. इंजिनाला दोन-तीन सेकंद स्वतःच्या गतीवर येऊ द्या, मग चोक अर्धा आत ढकला. या अर्ध्या स्थितीत चकतीतील भोक लहान होऊन मिश्रण थोडे पातळ होते आणि गाडी तापेपर्यंत ते पुरते. नाही पकडले तर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. सेल्फ मोटर सतत फिरवली तर ती तापते आणि पुढचा प्रयत्न आणखी मंद होतो.

ही पद्धत बदलूनही उपयोग झाला नाही, तर पाहावयाची पहिली जागा म्हणजे थ्रॉटलचा स्लो स्पीडचा स्क्रू. जुन्या गाडीचा स्लो नीट राहत नसेल, तर सर्वांत सोपा इलाज म्हणून तो स्क्रू आत फिरवून गती वाढवली जाते. त्याने गरम इंजिन बंद पडत नाही आणि तक्रार मिटल्यासारखी वाटते. पण थ्रॉटल कायमचा थोडा उघडा राहतो आणि चोकची ओढ कायमची कमी होते. स्लो न राहण्याचे खरे कारण बहुधा पायलट जेटमधला (स्लोसाठी पेट्रोल देणाऱ्या लहान जेटमधला) कचरा किंवा घासलेला थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते तो दांडा, असतो. तापलेल्या इंजिनावर पायलट जेट काढून हवेने फुंका, त्यात तार घालू नका. मिश्रणाचा स्क्रू फिरवत सर्वांत गुळगुळीत जागा शोधा आणि मग स्लोचा स्क्रू मागे घेत मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर आणा. असे करता येत नसेल तर स्पिंडल हाताने हलवून पाहा. तो स्पष्टपणे डगडगत असेल, तर त्या फटीतून हवा आत जाते. लेथवर नवे बुश बसवणे हाच त्यावरचा उपाय आहे. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधले पॅकिंग कडक होऊन चिरले असल्यास परिणाम तोच होतो. इंजिन चालू असताना तेथे थोडे इंजिन ऑइल सोडून आवाज बदलतो का ते पाहता येते. पेट्रोल शिंपडून ही चाचणी करू नये.

दोनदा साफ करूनही फरक पडला नाही, याचे एक संभाव्य कारण असे की साफ करताना मुख्य जेट आणि पायलट जेट काढली जातात, पण चोकच्या भागाचे पेट्रोल जेट अनेकदा तसेच राहते, कारण गरम गाडीत त्याचा दोष दिसत नाही. तो भाग सोडवून चकती घासून झिजलेली आहे का, तिची बसण्याची जागा सपाट आहे का आणि केबल ओढल्यावर लिव्हर खरोखर शेवटपर्यंत जातो का, हे डोळ्यांनी पाहा. केबलची बाहेरची वेष्टण-नळी क्लॅम्पमधून सरकली असेल, तर चालकाला दांडा पूर्ण आला असे वाटते आणि कार्ब्युरेटरपाशी तो अर्धाच फिरलेला असतो. साधी परीक्षा म्हणजे सुरू झालेल्या, अजून थंड असलेल्या इंजिनात चोक आत-बाहेर करून पाहणे. आवाजात आणि गतीत स्पष्ट फरक पडायला हवा. पडत नसेल तर ही यंत्रणा काम करत नाही.

आता पेट्रोलच्या पुरवठ्याविषयी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या भागात) सकाळी पेट्रोल असते का, हे आधी ठरवल्याशिवाय बाकी सर्व अंदाज व्यर्थ आहेत. पहाटे, सेल्फ मारण्यापूर्वी, नळी काढून घशात पाहात हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. ॲक्सिलरेटर पंपाची (पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या लहान पंपाची) पेट्रोलची बारीक धार आत पडताना दिसली पाहिजे. ती दिसली तर वाटी भरलेली आहे आणि त्या लहान पंपाचा डायफ्रॅमही (रबरी पडदाही) ठीक आहे. दिसली नाही, तर खालच्या एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल वर आणणाऱ्या पंपाचा) हात-लिव्हर असल्यास तो दहा-बारा वेळा मारून पुन्हा पाहा. आता धार आली आणि इंजिन लगेच सुरू झाले, तर कार्ब्युरेटर निर्दोष आहे : रात्री पेट्रोल टाकीकडे परत जाते आहे, आणि ते वर आणण्यातच सेल्फची सारी ताकद खर्च होते आहे. कारण बहुधा पंपाचा न बसणारा व्हॉल्व्ह किंवा टाकी व पंप यांच्यामधली रबरी नळी. ही नळी ओढीच्या बाजूची असल्याने तिला चीर गेली तरी पेट्रोल टपकत नाही, फक्त हवा आत घेतली जाते, म्हणून ती डोळ्यांना चुकते. ती सरळ नवी घाला.

या संदर्भात पेट्रोलच्या बदललेल्या घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. हरिकेनचे कार्ब्युरेटर ठरवले गेले तेव्हा असे इंधन नव्हते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटांतून येणारे मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ ठरते. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून अधिक उष्णता लागते, आणि शुद्ध इथेनॉल साधारण १५ अंश सेल्सियसच्या खाली पेट घेण्याइतकी वाफ देत नाही. पेट्रोलमधले हलके अंश असल्यामुळे मिश्रित इंधन पहाटेही पेटते, पण पूर्वीची सवलत राहिलेली नाही. शिवाय जुन्या रबराचे डायफ्रॅम त्याने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून पंपाचा आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घ्यावा. वाहन महिनोन्महिने उभे राहत असेल तर टाकीतले इंधन काढून टाकावे, कारण हलके अंश उडून जातात आणि इथेनॉल हवेतील ओल शोषते. तो पाण्याचा थर पंपाच्या काचेच्या वाटीत तळाला दिसतो. मिश्रण दाट करण्यासाठी जेट ड्रिलने मोठे करण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये. त्याने कोठे थांबायचे ते कळत नाही आणि जेट परत पूर्ववत होत नाही.

धक्क्याने सुरू होणे हा संकेत विजेच्या बाजूकडे नेतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा बहुतेक प्रवाह मोटर घेते, आणि त्या क्षणी कॉइलला मिळणारा दाब घटतो. धक्क्यात सेल्फ फिरत नाही, म्हणून कॉइलला पूर्ण दाब मिळतो. १२ व्होल्टची चांगली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ चालू असताना तिच्या खांबांवर सुमारे ९.६ व्होल्टपेक्षा कमी दिसू नये. तेथे ठीक असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थचा मार्ग खराब आहे. इंजिन रबरी माऊंटिंगवर बसलेले असल्याने ब्लॉकपासून चॅसीपर्यंत जाड अर्थ पट्टी हवीच. इंजिन बाहेर काढून पुन्हा बसवताना ती जोडायची राहून गेली, की प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यानंतर चोकची केबल हाताला गरम लागली, तर अधिक तपासाची गरज नाही. तसेच इग्निशन स्वीचमधली झीज ओळखण्यासाठी बॅटरीच्या धन खांबापासून कॉइलच्या धन टोकापर्यंत तात्पुरती तार लावून सेल्फ मारा. त्याने लगेच पकडले तर स्वीच किंवा त्याच्या वायरी बदला. ती तार लावून ठेवू नका. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहील.

इंजिन मंद फिरत असेल तर ऑइलही पाहा. अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांत सवयीने ४० ग्रेडचे एकेरी ऑइल भरले जाते. निफाडच्या पहाटेच्या थंडीत ते इतके घट्ट होते की सेल्फची गती पुरेशी राहत नाही. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० प्रतीचे ऑइल या हवामानात योग्य ठरते.

ठिणगीच्या बाबतीत नवी कॉइल आणि नवे प्लग हे उत्तर नसून सुरुवात आहे. प्लगचे अंतर ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिलिमीटर ठेवा. पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) अंतराबाबत मात्र आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग, कोणता आहे ते पाहावे लागते. मूळच्या ऑटो-लाइटला ०.०२० इंच लागते. आपल्याकडे बसवल्या जाणाऱ्या लुकासला ०.०१४ ते ०.०१६ इंच. जुन्या पुस्तकातील आकडा लुकासवर लावला तर पॉइंट फार काळ उघडे राहतात, कॉइलला चुंबकीय भरणा होण्यास वेळ मिळत नाही आणि थंडीत ठिणगी दुबळी पडते. डिस्ट्रिब्युटरची टोपी आत-बाहेर कोरड्या फडक्याने पुसून केसाएवढ्या काळ्या रेषा आहेत का ते पाहा. दव पडलेल्या सकाळी उच्च दाबाची वीज त्या रेषांवरून पळते. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ५ अंश आधी आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. सेल्फ फिरताना इंजिन झटका देऊन अडखळत असेल, तर टायमिंग जास्त आधी गेले आहे. सकाळचा अयशस्वी प्रयत्न झाल्यावर एक प्लग काढून पाहणे हे सर्वांत स्वस्त निदान आहे : ओला असेल तर पेट्रोल येते आहे आणि ठिणगी कमी पडते, कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. ओला असल्यास चोक आत ढकलून, पेडल तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारल्यास सिलिंडर कोरडे होतात. सोलेक्समध्ये पेडल दाबून सेल्फ मारण्याचा एवढाच प्रसंग.

याउपरही सकाळचे दुखणे राहिले, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे लागेल. मूळ प्रमाण चौरस इंचाला १२० पौंडांच्या आसपास आहे आणि चार सिलिंडरांमध्ये १० पौंडांपेक्षा जास्त फरक नसावा. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले असता आकडा वाढला तर दोष रिंगांकडे, न वाढल्यास व्हॉल्व्हकडे. या इंजिनात इनटेकचे टॅपेट अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधली फट) ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टचे ०.०१६ इंच, दोन्ही थंड इंजिनावर. हेडवरचे झाकण काढून इनटेक सहज लावता येतात. एक्झॉस्टचे मात्र ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाखाली, अवघड जागी असतात, म्हणून पुष्कळदा वरचे चार लावून काम संपले असे समजले जाते. मेकॅनिकला बाजूचे झाकण उघडले होते का, हे थेट विचारा.

आता थर्मोस्टॅट. उष्ण प्रदेशात गाडी तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि या एकाच सवयीमुळे हरिकेनचे थंडीतले बिघाड वाढतात असे माझे ठाम मत आहे. पाण्याने इनटेकला ऊब मिळायची असल्याने थर्मोस्टॅट नसला की पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरते आणि हेड तासभर कोमट राहते. चालक गाडी अडखळू नये म्हणून चोक अर्धा ओढूनच मैलभर जातो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते, प्लगांवर काजळी धरते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच काजळलेल्या प्लगांनी, कमी झालेल्या कॉम्प्रेशनवर सुरुवात करायची असते. प्लग नवे घातल्यावर दोन-चार दिवस बरे वाटणे आणि पुन्हा पूर्ववत होणे, हे या चक्राचे लक्षण आहे. थर्मोस्टॅट बसवूनही उन्हाळ्यात गाडी तापत असेल, तर रेडिएटर साफ करावा किंवा पाण्याचा पंप पाहावा.

तपास करताना एका सकाळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती सुद्धा रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनावर. दुपारी केलेली चाचणी या तक्रारीबाबत काहीच सांगत नाही. एफ. सी. १५० मध्ये इंजिन केबिनमध्ये, आसनांच्या मध्ये झाकणाखाली असते, त्यामुळे उघड्या घशासमोर काम करताना दोन्ही दारे उघडी ठेवावीत, विडी-सिगारेट दूर असावी आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर असावा. घशात बाटलीतून पेट्रोल ओतून किंवा ईथरचा फवारा मारून सुरू करण्याचा उपाय येथे तर मुळीच करू नये. एखादा उलटा फटका आला तर आग थेट चालकाच्या गुडघ्याशी असेल.

आपल्या वर्णनावरून माझा क्रम असा राहील : आधी पाय पेडलवरून काढून सुरू करून पाहा, त्याच दिवशी अर्थ पट्टी आणि थ्रॉटलचा स्क्रू तपासा, दुसऱ्या सकाळी घशातली धार पाहा, आणि त्यानंतरच कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडायचा की नाही ते ठरवा. उघडलाच, तर चोकच्या भागाची जेट आणि चकती पाहिल्याशिवाय बंद करू देऊ नका.